एक्केचाळिसावं सिटिंग

चित्रकार सेझानच्या बायकोबद्दल लोक वाटेल ते बोलतात. ती घुमी होती, तिला चित्रातलं काही कळत नव्हतं, तिचा चेहरा म्हणजे उकडलेलं अंडं. बोलणाऱ्यांनी एकदा तीन तास लाकडी खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसून बघावं. समोर नवरा उभा असतो, तो टक लावून बघत असतो, पण तुमच्याकडे नाही. तुमच्या गालाच्या कडेला त्याला कसलासा हिरवा दिसलेला असतो, तिकडे. नाक खाजवायचं नाही. हसायचं नाही, कारण हसू टिकत नाही आणि रंग वाळायला वेळ लागतो. मग चेहऱ्याचं अंडं होणार नाही तर काय होणार? पंचवीस-तीस पोर्ट्रेट्स काढली म्हणतात त्यानं तिची. मी तिची बाजू घेते, कारण चौदा वर्षं मी तिच्याच जागी बसत होते.

माझा नवरा दत्तात्रय, म्हणजे दत्ता. आम्ही दोघं मुंबईला जे. जे.त एकाच वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी आलंच नाही. एकोणऐंशी साली जपानात कोबेतल्या एका भारतीय व्यापाऱ्यानं त्याला कापडांच्या डिझाइन्ससाठी बोलावून घेतलं आणि लग्न करून मीही पाठोपाठ आले. आठवडाभर दत्ता आफ्रिकेला जाणाऱ्या कापडांवर पोपट आणि अननस काढायचा, आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा मला काढायचा. मी शेजारच्या बायकांना इंग्रजी शिकवायचे, घर बघायचे, आणि रविवारी बसायचे. माझंही चित्रकलेचं शिक्षण झालं होतं ही गोष्ट हळूहळू घरात कुणालाच आठवेनाशी झाली, मलासुद्धा.

सेझानचं वेड त्याला कॉलेजात लागलं. त्याचे डोंगर, त्याची फळं यांचं दत्ताला फारसं काही नव्हतं. त्याला भूल पडली होती ती पोर्ट्रेट्सची. तो म्हणायचा, हा एकच माणूस असा, ज्यानं समोर बसलेल्याला खूश करायला एक रेघ मारली नाही. एका चित्रविक्याला म्हणे सेझाननं एकशे पंधरा वेळा बसवलं, सफरचंद कधी हलतं का म्हणून त्याच्यावर ओरडला, आणि एवढं करून शेवटी म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय. ही गोष्ट सांगताना दत्ताचे डोळे भरून यायचे. मला त्या चित्रविक्याची कीव यायची.

चौदा वर्षांत माझी अकरा पोर्ट्रेट्स झाली, म्हणजे सुरू झाली. एकही पुरं नाही. साडी पुरी, खुर्ची पुरी, मागची भिंत तर इतकी पुरी की घरमालकानं बघितली असती तर ओल कुठून येते ते त्याला कळलं असतं. चेहऱ्याशी आलं की दत्ता अडायचा. अंदाजानं लावायचं नाही, दिसलं तरच लावायचं, हा त्याचा हट्ट. मी म्हणायचे, पुढच्या जन्मी भिंत होईन, निदान पुरी तरी होईन. तो हसायचा आणि कॅनव्हास कपाटामागे सरकवून ठेवायचा.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी वॉर्डमधल्या नर्सचा फोन आला, एका कागदावर शिक्का मारायचा राहिलाय, हांको घेऊन या, आणि एकट्याच या. या देशात सहीऐवजी उठल्यासुटल्या हा नावाचा शिक्का लागतो, बँकेत लागतो, पार्सल घ्यायला लागतो, म्हणून मला शंका आली नाही. मी हांको पर्समध्ये टाकला, आमच्या मुलीला, अनयाला, शाळेत जाताना छत्री ने म्हणून ओरडले, आणि गेले.

त्या खोलीत कागद नव्हताच. डॉक्टर होते, साठीचे, शांत. त्यांनी सांगितलं की पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवलं. गाठ जठरात होती, लिव्हरमध्ये पसरली होती, काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, "नवीन वर्ष होईल. वसंतात साकुरा फुललेला बघतील असं मला सांगता येत नाही."

मग त्यांनी मला रीत समजावली. पेशंटला अल्सर सांगितलाय, अर्धं जठर काढलं असं सांगितलंय. इथे पेशंटला खरं नाव सांगत नाहीत, सांगितलं की माणूस आतून खचतो. घरच्यांनी तेच धरून चालायचं. चौदा वर्षं या देशात मला कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा इथपासून सगळं नव्यानं शिकावं लागलं होतं, पण ही एक रीत मात्र अगदी माहेरची वाटली. माझ्या वडिलांनाही आईनं शेवटपर्यंत कावीळच सांगितली होती. मी मान हलवली.

उठताना डॉक्टर म्हणाले, "एक लक्षात ठेवा, ओकुसान. पेशंट रिपोर्ट वाचत नाहीत. बायकोचा चेहरा वाचतात. घरी आरशासमोर जरा सराव करा."

ते मायेनंच म्हणाले. अशा सगळ्याच ओकुसानना, म्हणजे पेशंटच्या बायकांना, म्हणत असणार. माझा नवरा रविवारी काय करतो हे त्यांना कुठून माहीत असणार? मला एकदम हसू आलं, आणि ते थांबेना. नर्सनं मला पाणी दिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दत्ता घरी आला. बारीक झाला होता, पण खुशीत होता. कंपनीनं मार्चपर्यंत रजा दिली होती. चपला काढता काढताच म्हणाला, "नीलू, आता रविवारची वाट बघायला नको. रोज बसायचं. एकशे पंधरा सिटिंग्ज. या वेळी चेहरा पुरा करतो की नाही बघ."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. सहा ऑक्टोबर धरून रोज बसलो, एकही दिवस चुकला नाही, तरी एकशे पंधरावा दिवस जानेवारीच्या शेवटी येत होता. त्यातून तपासणीचे दिवस वजा, ओकाऱ्यांचे दिवस वजा. शेवटी शेवटी त्याला उभं राहता येणार नाही ते दिवस वजा. डॉक्टरांचा हिशेब आणि सेझानचा हिशेब काही केल्या जुळेना. मी भाताचं पाणी टाकलं आणि परत एकदा मोजले.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मला तो चेहरा हवा होता. चौदा वर्षं एका माणसानं माझ्याकडे बघितलं, त्याचा काही पुरावा मला हवा होता, कारण तो गेल्यावर माझ्याकडे इतकं कोण बघणार होतं? आणि त्याला काही कळू नये हेही हवं होतं. माझा चेहरा त्याला नीट दिसला की त्यात जे आहे ते दिसणार, आणि दिसू दिला नाही तर चित्र होणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी मोहरी रंगाची सुती साडी नेसून उत्तरेकडच्या खोलीत जाऊन बसले. दुसरं काय करणार होते?

पहिले दहा-बारा दिवस बरे गेले. साडी झाली, हात झाले, खुर्ची झाली. त्याला तासाभरानं दम लागायचा, मग तो तातामीच्या चटईवर आडवा व्हायचा आणि पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहायचा. मी आंघोळीच्या खोलीत आरशासमोर सराव करत होते. अल्सरवाल्याची बायको कशी असेल, जराशी वैतागलेली, जराशी काळजीत, मऊ भात करून कंटाळलेली. मला ते चांगलं जमलं. शेजारच्या बायका फसल्या. अनया फसली, ती तेरा वर्षांची होती आणि तिला फसायचंच होतं. पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा आईसुद्धा फसली.

दत्ता चेहऱ्याशी आला आणि खरवडायला लागला. सकाळी दोन तास रंग लावायचा आणि बाराला नाइफनं सगळं काढून टाकायचा. तीन दिवस, चार दिवस, आठवडा. कॅनव्हासवर मानेच्या वर एक राखाडी डाग तेवढा उरायचा.

"कुठं बघतेस?" तो विचारायचा.

"तुझ्याकडे."

"नाही. बघतेयस असं दाखवतेयस."

"तू सफरचंद म्हणालास, मी सफरचंद झाले. आता सफरचंदानं बघायचं पण का?"

एरवी तो हसला असता. आता नाइफ फडक्याला पुसत म्हणायचा, "काहीतरी बंद झालंय. माझा हात गेला असेल."

त्याचा हात गेला नव्हता. माझ्या साडीची घडी अशी उतरली होती की बोटानं उचलावीशी वाटावी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण मी ते रोज सकाळी नऊला झाकून बसत होते, आणि समोर तो उजेडाची वाट बघत उभा होता. त्याला वाटत होतं दोष त्याचा आहे. हे बघणं मला सगळ्यात जड गेलं.

घरातला फोन त्याच्या खोलीला लागून होता, म्हणून मी स्टेशनवरच्या परदेशात लागणाऱ्या फोनवर जायचे. कार्ड घालून पुण्याला लावायचे, दत्ताच्या थोरल्या भावाला, श्यामदादांना. त्यांना एकट्यांना मी खरं सांगितलं होतं. ते म्हणायचे, "अजिबात सांगू नकोस, नीलिमा. तो लहानपणी इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली जायचा. ऐकूनच मरेल."

"दादा, तो रोज माझ्याकडे बघतो. तुम्हाला कल्पना नाही."

"दोन महिने रेट. जानेवारीत आम्ही येतो, सहज फिरायला आलो म्हणू. आणि ऐक, तुमच्या पासपोर्टांचं बघून ठेव. नंतर तुला इकडं यावंच लागेल, ऐनवेळी धावपळ नको."

दादा व्यवहारी आहेत, आणि त्यांचं चूक नव्हतं. आमचे तिघांचेही पासपोर्ट एकदमच केलेले, मार्चमध्ये संपत होते. मी वकिलातीत गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कितने फॉर्म?" मी म्हटलं, "दो." माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मी स्वतःच ऐकत राहिले. परतीच्या गाडीत मला बसवेना. मी एक स्टेशन आधीच उतरले आणि प्लॅटफॉर्मवर बसून राहिले, तीन गाड्या गेल्या. मागे जाऊन तिसरा फॉर्म आणावा असं वाटलं, पण कशाला आणू? घरी येऊन दोन्ही फॉर्म भरले, माझा आणि अनयाचा, आणि पाकीट कचऱ्याच्या वारांच्या तक्त्याखाली ड्रॉवरमध्ये सरकवलं. तो तक्ता माझ्याशिवाय घरात कुणी कधी बघत नसे.

नोव्हेंबरच्या मध्यावर एकदा जेवताना अनया जपानीत म्हणाली की मम्मा स्टेशनवरच्या फोनवर रडत होती, तिच्या मैत्रिणींनीही बघितलं, किती लाज वाटली. मी म्हटलं, सर्दी झाली होती. दत्तानं मऊ भाताचा घास तोंडात ठेवला.

त्यानंतर तो बदलला. सकाळी म्हणायला लागला, "बसायचं का आज? तुला वेळ असेल तर." चौदा वर्षांत त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. एकदा मी आंघोळ करून आले तर त्यानं माझ्यासाठी चहा करून ठेवलेला, स्वतःला उभं राहवत नव्हतं तरी. अनयाला विचारत होता, तुला पुण्याची शाळा आवडेल का, तिकडे आजी आहे. ती म्हणाली, "नान दे?", म्हणजे कशाला, आणि आपल्या खोलीत गेली. मला वाटलं, औषधांनी माणूस हळवा होतो. एकदा वाटलं, त्याला कळलं. तेव्हा मी आंघोळीच्या खोलीत जाऊन आरशासमोर पुन्हा चेहरा नीट केला. मी तो सांभाळण्यात इतकी गुंतले होते की त्याचा चेहरा वाचायचं राहूनच गेलं.

एक्केचाळिसावं सिटिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतं. अनया शाळेत गेली होती. मी साडी नेसून खुर्चीवर बसले, हात ठरल्या जागी ठेवले. दत्ता ईझलमागे स्टुलावर बसला होता, आता तो बसूनच काढायचा. त्यानं ब्रश घेतला नाही. रंगांच्या टेबलावर ते पाकीट होतं.

"टर्पेंटाइनची फडकी कधी टाकायची ते बघत होतो," तो म्हणाला. "शुक्रवारी असतं ते."

त्यानं पाकिटातले फॉर्म काढून पुढे धरले.

"दोन आहेत. तुझा आणि अनयाचा. माझाही मार्चमध्येच संपतो ना?"

"तुझा मागाहून भरणार होते."

"नीलू."

"आईला बरं नाहीये. तुला ताण नको म्हणून बोलले नाही. आम्ही दोघी आठ दिवस जाऊन..."

त्यानं माझ्याकडे बघितलं. एखादा रंग मिसळून झाल्यावर तो पॅलेटकडे बघायचा ना, बरोबर की चूक, तसं. "नाही," म्हणाला. "हे नाही."

खोलीत थंडी होती. हीटर लावला की त्याला मळमळायचं, म्हणून लावत नव्हतो. तो सावकाश बोलायला लागला, मधे मधे थांबत.

"महिनाभराच्या वर खरवडतोय. मला वाटलं, माझ्यात काही राहिलं नाही. आता समजलं. तू इथं नाहीसच. खुर्चीत येऊन बसतेस, बास. कोण आहे ते मी विचारत नाही. स्टेशनवर जाऊन ज्याला फोन करतेस त्याचं नावही नको मला."

"दत्ता, वेड्यासारखं बोलू नकोस."

"ऐक. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. जे. जे.त सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी तुला इथं आणलं आणि खुर्चीत बसवलं. तुला काय काढायचंय ते एकदा विचारलं नाही. चौदा वर्षं. मी तुझ्या जागी असतो तर केव्हाच गेलो असतो." त्यानं दोन्ही फॉर्म पुन्हा पाकिटात घातले. "फक्त मला बरं वाटेपर्यंत थांब. मार्चमध्ये मी कामावर जायला लागेन. मग जा. अनयाला सुट्टीत पाठवत जा इकडे."

माझं इकडे आड तिकडे विहीर झालं. तसंच राहू द्यावं असं क्षणभर वाटलंसुद्धा, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांची रीत राहिली असती, श्यामदादांचा शब्द राहिला असता, दत्ता खचला नसता. नुसता बायको दुसऱ्याची झाली असं समजून मेला असता. शेवटचा महिना तो माझ्यासाठी चहा करत राहिला असता, पाहुणीला करतात तसा. ज्या माणसासाठी मी रोज सकाळी तोंडाचं अंडं करून बसत होते, त्यानं माझी माफी मागावी हे मला सोसलं नाही.

"दत्ता, अल्सर नाहीये," मी म्हटलं.

त्याला समजलं नाही. "काय?"

"तुला अल्सर नाहीये. त्यांनी काही काढलं नाही. पोट उघडलं, बघितलं आणि शिवलं. लिव्हरपर्यंत गेलंय. मला सप्टेंबरातच सांगितलं, शिक्क्याच्या निमित्तानं बोलावून. तुला सांगायचं नाही म्हणाले. श्यामदादाही नको म्हणाले. मी स्टेशनवरून त्यांनाच फोन करते."

खालून रॉकेल विकणारा ट्रक गाणं वाजवत गेला. तो वळून ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघं ते ऐकत बसलो. दत्तानं शर्टावरून पोटावर हात ठेवला होता, टाके होते तिथे.

"किती?" त्यानं विचारलं.

"नवीन वर्ष होईल म्हणाले."

"मार्च?"

"नाही."

"म्हणून दोन."

"म्हणून दोन."

त्यानं मान हलवली. पलंगाखाली जाणारा मुलगा म्हणे. तो रडला नाही, ओरडला नाही, कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. मग अगदी हळू, घाबरत घाबरत त्यानं विचारलं, "म्हणजे कोणी नाही?"

"कोण असणार?"

"म्हणजे तू जात नाहीयेस?"

"नाही."

त्याचे खांदे खाली आले. दोन आठवडे धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा त्यानं श्वास सोडला आणि तो हसला. त्या पिवळ्या पडलेल्या गालांवर खरोखर रंग चढला. "एवढंच ना," म्हणाला. "मला वाटलं, तू चाललीस."

आणि त्यानं ब्रश उचलला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, आरशासमोर बसवलेलं सगळं घरंगळून गेलं होतं, मी पदरानं तोंड पुसायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे, राहू दे. दिसतंय. आत्ता दिसतंय." त्याचा हात भराभर चालायला लागला. मला तो आवाज ओळखीचा होता, बरोबर जागी रंग बसत गेला की ब्रश कसा वाजतो तो. दोन महिने, नव्हे चौदा वर्षं ज्यासाठी मी बसले होते ते चाललं होतं. तो पुटपुटत होता, "हं. इथं. अगं, किती सोपं होतं." एखादं हरवलेलं पोर सापडलेल्या बापासारखा सुखात होता तो.

आणि मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. तीन महिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता मी, आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडले होते, वकिलातीच्या खिडकीत दोन म्हटलं होतं. आणि हा हसत होता.

"एवढंच म्हणालास," मी म्हटलं.

"हलू नकोस. काय?"

"मी म्हटलं तू मरणार आहेस, आणि तू म्हणालास एवढंच."

"अगं, तसं नाही." तो कॅनव्हासकडे बघतच म्हणाला. अजून हसू होतं तोंडावर. "तू समजून घे ना. तू गेली असतीस तर मी काय केलं असतं?"

"आणि मी काय करू?"

ब्रश थांबला.

"मी जात नाहीये, म्हणून तुझं झालं. पण तू जाणारच आहेस, दत्ता. नवीन वर्ष झालं की जाणार आहेस. मग मी काय करू? ते सांग मला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, कॅनव्हासच्या कडेवरून, नेहमी बघायचा तसं. तोंड उघडलं. मी वाट बघत होते. काहीही बोलला असता तरी मला चाललं असतं, अगदी अंदाजानं बोलला असता तरी. पण त्यानं मान खाली घातली. मग बराच वेळ तो हातातला ब्रश फडक्यानं पुसत राहिला, आणि माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.